घाण्यामागे पळीभर तेल

वडिलांना अक्षर शिकवणाऱ्या मुलाचं देऊळ आमच्या रामकृष्णपुरमच्या सेक्टर सातमध्ये, एका टेकडीवर आहे. दिल्लीकर त्याला मलै मंदिर म्हणतात. तमिळमध्ये मलै म्हणजे डोंगर. देवळाचं पूर्ण नाव उत्तर स्वामिमलै, आणि मूळ स्वामिमलै तमिळनाडूत कुंभकोणमजवळ. तिथली कथा अशी की, ब्रह्मदेवाला ॐकाराचा अर्थ सांगता आला नाही म्हणून शंकराच्या मुलानं, बाल मुरुगनानं, त्याला कोंडून घातलं. शंकर त्याला सोडवायला आले आणि म्हणाले, ‘मग तू तरी सांग.’ मुलगा म्हणाला, सांगतो, पण शिष्यानं बसावं तसं बसून ऐकावं लागेल. शंकर बसले. तेव्हापासून तो मुलगा स्वामिनाथ झाला.

७ जून १९७३ रोजी या देवळाचा कुंभाभिषेक झाला. म्हणजे देऊळ माझ्यापेक्षा लहान आहे. कथा मात्र फार जुनी. मी लग्न होऊन सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हापासून त्या पायऱ्या चढते आहे. गाभाऱ्याच्या देवळावर बाहेरून मोठ्या तमिळ अक्षरांत एक ओळ लिहिलेली आहे. कितीतरी वर्षं ती ओळ मला नक्षीसारखी दिसायची. मग एकदा आमच्या वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींनी बोट धरून एकेक अक्षर दाखवलं आणि अर्थ सांगितला: मी असताना भय कसलं? घरी परतताना माझ्या लक्षात आलं की, त्या ओळीतलं एक अक्षर मला आता कुठंही ओळखता येईल. चाळिशी उलटलेल्या बाईला नवी लिपी शिकवायला त्या भिंतीला पंधरा मिनिटं लागली होती.

हा लेख त्या पंधरा मिनिटांमुळे सुरू झाला.

आमच्या वस्तीत भिंतींना तोटा नाही. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी हे क्वार्टर बांधले गेले तेव्हा मुनिरका, मोहम्मदपूर ही गावं इथं आधीपासून होती, आणि गावांच्याही आधीपासून इथं मकबरे होते. सेक्टर तीनमध्ये बिजरी खानचा मकबरा आहे. सेक्टर पाचमध्ये वजीरपूरचे गुंबद: पाच मकबरे आणि एक बावडी. हे सगळं लोदी काळातलं, १४५१ ते १५२६ या पाऊणशे वर्षांतलं. त्यांच्याभोवती आता बगिचे आहेत, सकाळी म्हातारी माणसं फिरतात आणि संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात. शिवाय सेक्टर दोनमध्ये अय्यप्पाचं देऊळ आहे. म्हणजे पायी फिरण्याच्या अंतरात अरबी-फारसी, तमिळ, मल्याळम आणि नागरी अशा लिप्या दगडांवर, कमानींवर, पाट्यांवर उभ्या आहेत. या सगळ्यांमधून रोज शाळेत जाणाऱ्या मुलाला मात्र तिसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचताना घाम फुटतो.

असा एक मुलगा माझ्या माहितीतला आहे. आमच्या ब्लॉकखाली कडुनिंबाच्या सावलीत कोळशाची इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याचा तो मुलगा. तो पाचवीत आहे. हिशेब तोंडी, चुटकीसरशी करतो. कुणाच्या घरचे किती कपडे, किती पैसे बाकी, सगळं डोक्यात. पण पुस्तक पुढं केलं की मान खाली. जोडाक्षर आलं की थांबतो, आणि थांबला की पुढची ओळच सोडून देतो. माझी नात तिसरीत. ती घडाघडा वाचते, आणि काय वाचलं ते विचारलं की गप्प होते. दोघांची अडचण उलट टोकांची, पण मला ती एकच वाटते. छापील पानावरचं अक्षर दोघांच्याही लेखी कुणाचंच नाही. ते कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, याचा काही पत्ता नाही.

एका रविवारी दोघांना घेऊन मी बिजरी खानकडे गेले.

त्याआधी थोडं मागं जाऊ, कारण देवळात अक्षर शिकणं आपल्याला नवं नाही. ते आपण विसरलो, इतकंच. कशाचीही सुरुवात केली की आपण ‘ओनामा’ म्हणतो. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनातून आला. जुन्या शाळांतून मुलं अक्षरं गिरवण्याआधी ते म्हणायची, बोबड्या तोंडातून त्याचं ‘ओनामासीधं’ व्हायचं, आणि त्यातला पहिला तुकडा भाषेत कायमचा राहिला. देवनागरीला आपण म्हणतो बाळबोध. लिपीचं नावच मुलावरून ठेवणारी आपली भाषा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात इंग्रजांनी गावोगावच्या शाळांची पाहणी केली. ते कागद पुढं रा. वि. परुळेकरांनी संपादित करून १९५१ साली ग्रंथरूपानं छापले. त्यात दिसतं की बहुतेक शाळांना स्वतःची इमारत नव्हती. शाळा भरायची देवळात, नाहीतर कुणाच्या पडवीत, नाहीतर पंतोजींच्याच घरी. देवळाच्या ओवरीत मुलं बसायची. पुढ्यात धुळपाटी असायची, म्हणजे बारीक धूळ पसरलेली फळी. त्यावर बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, पंतोजींना दाखवायचं, फळी हलवून पुसायचं, पुन्हा काढायचं. कागद महाग होता. धूळ फुकट होती. हात बसला की मग बोरू आणि शाई. मोठी मुलं लहान मुलांना घोकवून घ्यायची.

अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचा पाद्री होता. इथली मुलं वाळूत बोटानं लिहितात हे त्यानं पाहिलं, ती रीत आपल्या शाळेत आणली, आणि इंग्लंडला परतल्यावर १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. तिथं मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायच्या या पद्धतीला मद्रास पद्धत असं नाव पडलं. आपल्याकडच्या वाळूतलं अक्षर असं समुद्र ओलांडून गरीब गोऱ्या मुलांपर्यंत पोचलं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो पाटण्याचा शिलालेख. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे, पाटणादेवीचं. तिथल्या भवानीच्या पडक्या देवळातला शके ११२८ चा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढं आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आपल्या आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा आणि घराण्यातल्या इतर ग्रंथांचा अभ्यास चालू राहावा म्हणून त्यानं तिथं मठ स्थापन केला, आणि त्या मठाला कुणी काय द्यायचं ते दगडावर कोरलं. लेखाचा पहिला भाग संस्कृतात आहे. शेवटी बाजाराची गोष्ट आली आणि भाषा मराठी झाली. साहजिकच आहे, ते वाचायचं होतं व्यापाऱ्यानं, गिऱ्हाइकानं, तेल्यानं. पेठेत होणाऱ्या खरेदीवरचा राजाचा हक्क मठाला दिला आहे. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल.

पळीभर तेल! त्या तेलावर मठातला दिवा जळायचा असेल आणि त्या उजेडात कुणीतरी भास्कराचार्यांचं गणित सोडवायचं. गावातल्या प्रत्येक घाण्यानं विद्येसाठी पळीभर तेल द्यायचं, हा करार देवळात, लोकांच्या भाषेत, सगळ्यांना दिसेल असा कोरून ठेवलेला. आठशे वर्षांपूर्वीची ही मराठी वाक्यं आजच्या सातवीतल्या मुलापुढं ठेवली तर निम्मे शब्द त्याला लागतील. घाणा त्यानं पाहिला नसेल, पण पळी घरात असते. ओळखीचा एक शब्द सापडला की मूल उरलेल्यांचा माग काढतं. वाचन येतं ते असंच.

हे मी आपल्या मनानं म्हणत नाही. ब्राह्मी लिपी याच रीतीनं उलगडली. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपावरच्या लहान लहान लेखांच्या नकला पाहत होता. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी त्याच दोन खुणा येत होत्या. इतके छोटे, इतके वेगवेगळे लेख एका धर्मस्थळाच्या कठड्यावर कशासाठी असतील? दानासाठी, असा त्यानं तर्क केला. शेवटचा शब्द ‘दानं’. त्यातून द आणि न ही अक्षरं हाती आली, आणि बाकीची वर्णमाला त्यांच्या मागून. अमक्याचं दान, तमकीचं दान, पुन्हा दान. पहिलीच्या पुस्तकातले धडे असेच असतात: लहान वाक्य, बदलणारं नाव, तोच शेवट. स्तूप हा एका अर्थानं प्रिन्सेपचा पहिलीचा वर्ग होता.

तसाच वर्ग आपल्याकडे कार्ल्याला आहे. एकवीरेच्या देवळाला लागून असलेल्या चैत्यगृहातल्या खांबांवर दात्यांची नावं आहेत. कुणी धेनुकाकटाचा यवन, कुणी व्यापारी, आणि पुढं ‘थंभो दानं’. खांबाचं दान. दर वर्षी हजारो माणसं मुलाबाळांसह एकवीरेला येतात, नवस फेडतात. चार पावलांवर दोन हजार वर्षांचे खांब आपल्या दात्यांची नावं घेऊन उभे आहेत. मुलाला ब्राह्मी यायची गरज नाही. त्या दोन शब्दांची चार अक्षरं कागदावर काढून दिली की तो एका खांबावरून दुसऱ्या खांबावर तीच शोधत जातो. मी नातीबरोबर हे करून पाहिलं आहे. तिसऱ्या खांबापाशी ती मला ओढत घेऊन गेली.

पंढरपूरला मात्र जीव कळवळतो. विठ्ठलाच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे, शके ११९५ ते ११९९ मधला, रामदेवराव यादवाच्या काळातला. देवळाच्या कामाला कुणी किती दिलं याची ती यादी. जुन्या मराठीचा इतका मोठा ठेवा क्वचितच एका जागी मिळतो. आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविक शतकानुशतकं त्याला पाठ घासत आले. अक्षरं झिजली. त्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही; ती माझ्या आजीचीही होती. पण त्या दगडाकडे तोंड करून एखाद्या मुलानं ‘हे काय लिहिलंय?’ असं विचारावं आणि कुणीतरी सांगावं, एवढी माझी इच्छा आहे.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणं खोटेपणाचं होईल. देवळातली शाळा सगळ्यांची नव्हती. ज्याला देवळाची पायरी चढता येत नव्हती त्याला ओवरीतली धुळपाटीही नव्हती. मुलींना तर जवळजवळ नव्हतीच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती पुण्यातल्या भिड्यांच्या वाड्यात. नव्या विद्येला नवी जागा लागली, कारण जुन्या जागेनं दार लावून घेतलं होतं. पंढरपूरच्या त्याच देवळाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण करावं लागलं. म्हणून ‘पूर्वी देवळात शाळा भरायच्या, किती छान’ असं मी म्हणणार नाही. मी म्हणते ते एवढंच की, ती अक्षरं आता सगळ्या मुलांची आहेत, आणि ज्यांना सर्वांत जास्त काळ बाहेर ठेवलं त्यांना सर्वांत आधी आत न्यायला हवं.

शिक्षकांशी बोलताना दुसरी अडचण निघते. ती धर्माची. देवळात नेलं तर एक पालक विचारेल, मकबऱ्यात नेलं तर दुसरा. मला ही भीती खरी वाटते. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त शाळेत कुणाला संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. पण पूजेला बसवणं वेगळं आणि भिंतीवरचं वाचणं वेगळं. कुतुबच्या मशिदीच्या अंगणात गुप्तकालीन लोहस्तंभ उभा आहे, त्यावर ब्राह्मीत संस्कृत लेख आहे. त्याच मशिदीच्या पूर्वेच्या दारावरचा फारसी लेख सांगतो की सत्तावीस देवळांचं सामान तिथं वापरलं. आणि १३६८ मध्ये वीज पडून मिनाराची मोडतोड झाली तेव्हा फिरोजशहा तुघलकानं दुरुस्ती करवली. त्या कारागिरांनी नागरीत लेख कोरून विश्वकर्म्याचे आभार मानले. एका आवारात तीन लिप्या, आणि मोडण्याच्या, बांधण्याच्या, दुरुस्त करण्याच्या तीन गोष्टी. हे सगळं मुलानं वाचावं. गाळून एकच वाचून दाखवलं तर ते शिकवणं नव्हे.

तंजावरचंही पाहा. चोळांच्या बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरवला, मराठीत. तमिळ देशातल्या शिवमंदिराच्या भिंतीवर अख्खी बखर. तिथल्या मराठी घरांतली मुलं आज तमिळ शाळांत शिकतात. त्यांच्या आजोबांची भाषा देवळानं सांभाळून ठेवली आहे. दिल्लीतल्या तमिळ मुलांचं उत्तर स्वामिमलैशी नातं अगदी असंच आहे. ही शहरं एकमेकांची अक्षरं सांभाळतात.

दसऱ्याला हे आमच्या कॉलनीत डोळ्यांना दिसतं. मल्याळी आईबाप तीन-चार वर्षांच्या मुलांना घेऊन अय्यप्पाच्या देवळात जातात. ताटात तांदूळ पसरलेले असतात, वडीलधारी व्यक्ती मुलाचं बोट धरून त्यात पहिली अक्षरं काढते. त्याच सकाळी आमच्या घरी पाटीपूजन असतं. नात पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढते. तांदूळ काय, पाटी काय, हात धरणारा कुणीतरी असतो हे महत्त्वाचं. त्यांच्या मल्याळममध्ये ळ आहे, मामींच्या तमिळमध्ये आहे, आमच्या मराठीत आहे. शाळेतल्या हिंदीत नाही. नातीच्या जिभेवरून तो निसटत चालला होता. शेजारच्या मल्याळी मैत्रिणीनं तो परत आणला, याचा मला फार आनंद आहे.

सरकारनं जुलै २०२१ मध्ये निपुण भारत मोहीम सुरू केली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हा तिचा हेतू. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत. त्यातला एक दिवस जवळच्या जुन्या वास्तूला द्यावा. मात्र सहल नको. बस, डबे, रांगेत फोटो आणि परत, यातून अक्षर हाती लागत नाही. एक भिंत, एक शब्द, तासभर वेळ. पुढच्या महिन्यात तीच भिंत, नवा शब्द. शिक्षकानं आधी एकट्यानं जाऊन यावं, सावली कुठं आहे आणि पाणी कुठं मिळेल ते पाहावं. मोठा रस्ता ओलांडावा लागेल अशी जागा लहानांसाठी निवडू नये.

आता त्या रविवारचं. बिजरी खान कोण होता हे कुणालाच ठाऊक नाही. नाव तेवढं उरलं आहे. बाहेरून पाहिलं तर इमारत दुमजली वाटते, आत शिरलं की वर सरळ घुमट; लोदी काळच्या चौकोनी मकबऱ्यांची ठेवणच अशी. नात मजले मोजत बाहेर राहिली. मुलगा आत गेला. मी त्याला फलक वाचायला सांगितलं होतं, पण ‘गुम्बद’मधल्या जोडाक्षराशी तो अडला आणि नेहमीसारखी मान खाली गेली. मी काही बोलले नाही.

आतल्या भिंतीवर लोकांनी खरवडलेली नावं होती. अशी नावं दिल्लीतल्या प्रत्येक जुन्या इमारतीत असतात आणि चुन्याचं त्यानं फार नुकसान होतं. मुलगा तिथं थांबला. थोड्या वेळानं मला त्याचा आवाज आला. तो वाचत होता. एक नाव, मग दुसरं, मग एक जोडाक्षराचं नाव, न थांबता. पुस्तकात जो त्याला अडवतो तोच अर्धा म त्यानं तिथं ओलांडला, कारण त्या नावाचा त्याचा एक मित्र आहे. अमका आणि तमकी, पुन्हा अमका. सांचीच्या कठड्यावर प्रिन्सेपपुढं होती तशीच नावांची यादी.

‘आंटी, मैं भी लिखूँ?’ त्यानं विचारलं. खिशातून खिळा निघालेला मी पाहिला. भिंतीवर नाही, म्हटलं, भिंत बिजरी खानची आहे. मग कुठं? मी खाली बोट दाखवलं. कोपऱ्यात वाऱ्यानं आणलेली बारीक धूळ साचली होती. तो उकिडवा बसला आणि बोटानं आपलं नाव काढलं. मग वडिलांचं. मग बराच वेळ विचार करून ‘बिजरी खान कौन था’. प्रश्नचिन्ह कसं काढायचं ते नातीनं दाखवलं, आणि ‘कौन’च्या दोन मात्रा त्यानं तिला दाखवल्या, कारण तिनं एकच वाचली होती.

त्याला मी धुळपाटीची गोष्ट सांगितली, आणि पाटण्याच्या तेलाचीही. पळी म्हणजे काय ते त्याला हिंदीत सांगताना मी अडखळले, तर त्यानंच हातानं खूण करून दाखवली. निघताना त्यानं विचारलं, सेक्टर पाचच्या बावडीतही काही लिहिलेलं आहे का. पुढच्या रविवारी पाहू, म्हटलं. खडू, कागद आणि पाण्याची बाटली तो घेणार आहे.